सरांचं सूर्यघड्याळ: पितळी तबकडी कोण नेणार?

प्रेषक: चिटणीस
विषय: तबकडी (रविवारच्या आत उत्तर हवं)

सर्वांना नमस्कार.
सरांच्या स्मृतीसाठी गुहागरच्या आपल्या शाळेत सूर्यघड्याळ बसवायचं हे लंडनमधल्या आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेत ठरलं आहे, त्यावर पुन्हा चर्चा नको. नानांनी तबकडी आणून ठेवली आहे. पितळेची, ३० सेंमी व्यासाची, वजन साडेसहा किलो. मे महिन्यात गुहागरला कोण जातंय आणि कोणाच्या बॅगेत जागा आहे तेवढंच कळवा. चौथरा शाळा बांधून ठेवणार आहे. फलकाचा मजकूर माईंकडे आहे, तो अजून आलेला नाही.


प्रेषक: अण्णा, क्रॉयडन
विषय: उत्तर: तबकडी

नाना, बॅगेचं नंतर बघू. शंकूच्या, म्हणजे सावली पाडणाऱ्या तिरप्या पातीच्या, बुडाशी बहुधा अक्षांश कोरलेला असतो, तो आधी वाचा. इथे लंडनला घेतलेली आहे म्हणजे ५१.५ असणार. गुहागर १७.५ उत्तरेला आहे.

शंकूची तिरपी कड पृथ्वीच्या अक्षाला समांतर असली तरच सूर्यघड्याळ चालतं. म्हणजे ती कड क्षितिजापासून त्या गावाच्या अक्षांशाइतकी वर हवी. इथे ३४ अंशांचा फरक पडतो. शंकू वाकवून किंवा बदलून भागणार नाही, कारण तासांच्या रेघाही अक्षांशावरच बेतलेल्या असतात. दुपारी एकची रेघ बाराच्या रेघेपासून लंडनला ११.८ अंशांवर पडते, गुहागरला ४.६ अंशांवर. सूत्र सरांचंच: रेघेच्या कोनाचा टॅन = अक्षांशाचा साइन × तासकोनाचा टॅन (तासकोन म्हणजे माध्यान्हापासून तासाला १५ अंश). नववीच्या मुलाने लॉग टेबल घेऊन तपासलं तरी चूक पहिल्याच दिवशी सापडेल.


प्रेषक: नाना
विषय: उत्तर: उत्तर: तबकडी

अण्णा, ५१.५ च आहे, मान्य. पण त्यासाठी तबकडी बाद करायची गरज नाही. खाली ३४ अंशांची पाचर द्या, दक्षिणेची कड वर, उत्तरेची खाली. शंकू आपोआप १७.५ वर येतो, आणि रेघा तबकडीसकट फिरल्यामुळे त्या बरोबरच राहतात. शास्त्राला धरून आहे. चौथऱ्याचा माथा सपाट न करता उतरता करा, एवढंच गवंड्याला सांगायचं. तबकडीचे पैसे देऊन झालेले आहेत.


प्रेषक: ताई, हॅरो
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: तबकडी

नाना, पाचरीचं गणित बरोबर आहे. अडचण उन्हाची आहे.

पाचरीवर बसवलेली तबकडी लंडनच्या जमिनीला समांतर होते. लंडनला सूर्य ज्या सौरवेळेला (स्थानिक माध्यान्ह म्हणजे बारा धरून) मावळतो, त्याच सौरवेळेला गुहागरच्या तबकडीवरचं ऊन संपतं, मग गुहागरचा सूर्य चांगला वर का असेना. २१ डिसेंबरचा हिशोब बघा. भारतीय प्रमाणवेळेने तबकडीवर ऊन येईल सकाळी पावणेनऊच्या पुढे आणि जाईल दुपारी चार वीसच्या सुमारास. त्या दिवशी गुहागरला सूर्य सातला उगवतो आणि सहाला मावळतो. दोन्ही बाजूंनी पावणेदोन-पावणेदोन तास गेले. जून ते सप्टेंबर तिथे मळभ आणि पाऊस. म्हणजे घड्याळाचे खरे दिवस ऑक्टोबर ते मे, आणि त्यातलाच हिवाळा पाचर खाऊन टाकते.

गुहागरच्या मापाची नवी आडवी तबकडी करावी, असं कोणी सुचवेल. तीही नको. कमी अक्षांशावर आडव्या तबकडीच्या रेघा माध्यान्हाजवळ दाटतात. १७.५ अंशांसाठी बारापासूनचे कोन असे येतात: १ ला ४.६, २ ला ९.८, ३ ला १६.७, ४ ला २७.५, ५ ला ४८.३, ६ ला ९०. शाळेच्या वेळेतले सगळे तास मध्यावरच्या चिंचोळ्या पट्टीत कोंबले जातात आणि पाच ते सहामध्ये मोठं रान मोकळं पडतं. पंधरा मिनिटांचा भागसुद्धा मुलाला नीट वाचता येणार नाही.

माझं मत: विषुववृत्तीय घड्याळ करा. मध्ये अक्षाला समांतर सळी, तिच्याभोवती अर्धवर्तुळाकार पट्टी. सळीची सावली पट्टीवर तासाला बरोबर १५ अंश सरकते, सकाळ असो की दुपार. जयपूरच्या जंतरमंतरमधल्या सम्राट यंत्राचं तत्त्व हेच, तिथे भिंतीचा चढ २७ अंशांचा आहे कारण जयपूर २७ वर आहे.

मापं अशी धरा. पट्टीची आतली त्रिज्या ५७.३ सेंमी. मग १ अंश म्हणजे बरोबर १ सेंमी, एक तास म्हणजे १५ सेंमी, आणि १ सेंमी म्हणजे ४ मिनिटं. मुलांना शाळेची साधी मोजपट्टी लावून वेळ वाचता येते. पट्टीची लांबी १८० सेंमी पुरणार नाही, २०० घ्या, कारण जूनमधल्या सर्वांत मोठ्या दिवशी सूर्य माध्यान्हापासून दोन्ही बाजूंना ९७-९८ अंश जातो. रुंदी १० सेंमी. सळीची लांबी ७० सेंमी. सूर्य विषुववृत्तापासून २३.४ अंश सरकतो तेव्हा पट्टीच्या मध्यावर पडणारी सावली सळीच्या २५ सेंमी लांबच्या बिंदूची असते. त्यात अर्धी रुंदी मिळवली की दोन्हीकडे किमान ३० सेंमी सळी हवीच.

सळीची जाडी हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. सूर्य अर्ध्या अंशाहून किंचित मोठा दिसतो, म्हणून ५७ सेंमी अंतरावर सावलीच्या कडा साधारण ५ मिमी पुसट होतात. ६ मिमीच्या सळीची सावली नुसती करडी रेघ दिसेल. १२ मिमीच्या सळीला मध्ये पावणेसात मिमीचा काळा गाभा मिळतो, त्याचा मध्य वाचायचा. अचूकता एका मिनिटाच्या आसपास, त्याहून जास्त मागू नये.


प्रेषक: भाऊ, गुहागर
विषय: उत्तर: पट्टी

ताई, १२ मिमी नको, १६ घ्या. शाळेचं मैदान आहे, मुलं सळीला लोंबकळणार. १२ ची सळी वर्षभरात मध्ये वाकेल आणि मग सगळंच चुकेल. १६ ने गाभा रुंद होईल, मध्य वाचायचा असल्याने बिघडत काही नाही.

आता धातूचं. पितळ इथे नको, नाना. खाऱ्या वाऱ्याने काळं-हिरवं पडतं, ते घासून निघतं, पण भंगारात चटकन खपतं म्हणून चोरीला जातं. स्टेनलेस स्टील घ्यायचं तर ३१६ प्रतीचं घ्या. ३०४ समुद्राजवळ चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग धरतं, कारण त्यात मॉलिब्डेनम नसतं. ३१६ मध्ये ते २ ते ३ टक्के असतं, तेच मिठाला थोपवतं. पट्टी ५ मिमी जाड. लोट्याच्या एमआयडीसीत रासायनिक कारखान्यांची कामं करणारे फॅब्रिकेटर आहेत, त्यांना ३१६ नवीन नाही.

त्यांना तीन गोष्टी लिहूनच द्यायच्या. वेल्डिंगची सळी ३१६एल. लोखंडावर वापरलेलं ग्राइंडिंग व्हील यावर फिरवायचं नाही, लोखंडाचे कण रुततात आणि पहिल्या पावसात गंजाचे ठिपके उठतात. वेल्डच्या कडेला उष्णतेने आलेला निळा-सोनेरी रंग पिकलिंग पेस्टने (आम्लाच्या लेपाने) काढायचा, तो राहिला तर गंज तिथूनच सुरू होतो. नटबोल्टही ३१६ चेच, गॅल्व्हनाइज्ड एकसुद्धा नको.

चौथरा चिऱ्याचा छान दिसेल, ४५ सेंमी उंच करू. पण बोल्ट चिऱ्यात ठोकायचे नाहीत. जांभा सच्छिद्र आहे, अँकर काही वर्षांत सैल होतो. बाहेरून चिरा, आत काँक्रीटचा गाभा, बोल्ट त्यात. गजावर काँक्रीटचं ५० मिमी कव्हर ठेवा. रेती किनाऱ्याची किंवा खाडीची नको, मिठामुळे गज आतून फुगून काँक्रीट फुटतं. क्रश सँड (दगड फोडून केलेली रेती) आणू.

पट्टीच्या कडा दुमडायच्या नाहीत. दुमडलेली पट्टी चांगली दिसते असं वेल्डर म्हणेल. पट्टीचा तळ उत्तरेकडून दक्षिणेकडे १७.५ अंश उतरता असतो, कड मोकळी असली तर पाणी आपोआप जातं. कड दुमडली की पन्हळ तयार होते आणि चार महिने शेवाळ.


प्रेषक: खजिनदार
विषय: पैशांबद्दल, पट्टी असो वा तबकडी

मंडळ ही परदेशी संस्था आहे. मंडळाच्या खात्यातून शाळेच्या ट्रस्टला गेलेली रक्कम एफसीआरएखाली (परकीय अंशदान नियमन कायद्याखाली) परकीय अंशदान ठरते. शाळेची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर त्यांना ती घेताच येत नाही. नोंदणी असेल तर पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हावे लागतात. वस्तूही याच कायद्यात येते, त्यामुळे नानांची तबकडी ‘बॅगेतून नेऊन देऊ’ हा मार्गही मोकळा नव्हता. शाळेला अडचणीत आणणारी भेट सरांच्या नावाने जाता कामा नये.

ज्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून, नेहमीच्या बँकमार्गाने दिलेली देणगी परकीय अंशदानात धरत नाहीत. ब्रिटिश पासपोर्टवाले, ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड असले तरी, परदेशी नागरिकच. तेव्हा भारतीय पासपोर्टवाल्यांनी आणि गावातल्या माजी विद्यार्थ्यांनी मिळून करावं. मंडळाच्या खात्यातून यासाठी चेक निघणार नाही. सभेतल्या ठरावात ‘मंडळातर्फे’ असा शब्द आहे, तो चिटणिसांनी दुरुस्त करून घ्यावा.


प्रेषक: चिटणीस
विषय: उत्तर: पैशांबद्दल

ठरावातला शब्द सभाच बदलू शकते, चिटणीस नाही. ‘मंडळाच्या सदस्यांतर्फे’ असं पुढच्या सभेत करून घेऊ. शाळेची नोंदणी आहे का ते भाऊंनी मुख्याध्यापकांना विचारावं.


प्रेषक: माई
विषय: फलकाचा मजकूर

मसुदा पाठवते. ‘कोयना प्रकल्पाच्या पोफळी येथील बोगद्यांवर अभियंता म्हणून काम केल्यावर सरांनी या शाळेत गणित व विज्ञान शिकवले. नव्वदी ओलांडल्यावरही ते मुलांना शिकवत राहिले. ज्या कोकणात विजयदुर्ग किल्ल्यावर हेलियमचा शोध लागला, त्या भूमीतील बालकांना…’ पुढे आणखी दोन परिच्छेद आहेत.

अभियंता आधी लिहावं की शिक्षक, यावर मतं हवीत. मला वाटतं अभियंता आधी. पोफळीचं वीजगृह डोंगराच्या पोटात आहे, ते उभारणाऱ्यांतला एक माणूस आपल्या शाळेत खडू घेऊन उभा राहिला हे मुलांना कळायला हवं.


प्रेषक: अण्णा, क्रॉयडन
विषय: उत्तर: फलकाचा मजकूर

माई, हेलियमची ओळ काढा. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण विजयदुर्गावरून दिसलं हे खरं, ‘साहेबाचे ओटे’ आजही दाखवतात. पण ज्याने तिथे हेलियम शोधला असं सांगतात तो इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयर त्या वेळी इंग्लंडमध्ये होता. ग्रहणाचे वर्णपट घेणारा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जानसेन गुंटूरला होता. लॉकयरने ग्रहणाशिवाय सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट इंग्लंडमधूनच घेतला, तो ऑक्टोबरात. सरांच्या फलकावर तपासल्यावर टिकणार नाही असं एक वाक्य नको. कोकणाचा अभिमान लिहायचाच असेल तर मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित आहेत. तेही पेशाने शिक्षक, आणि ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ लिहिलं त्यांनी.


प्रेषक: भाऊ, गुहागर
विषय: उत्तर: उत्तर: फलकाचा मजकूर

हेलियमवरून विजयदुर्गला १८ ऑगस्टला कार्यक्रम होतात, अण्णा, तिथल्या लोकांचं मन मोडू नका. पण फलकावर नको, सहमत.


प्रेषक: ताई, हॅरो
विषय: उत्तर: फलकाचा मजकूर

माई, शिक्षक आधी. हजेरीपटावर सर नावापुढे बी.ई. लिहीत नसत. पण अभियंता गाळू नका, कारण त्यांच्या शिकवण्याचं मूळ तिथेच आहे.

बोगदा दोन्ही तोंडांकडून खणत नेतात आणि मध्ये गाठ पडावी लागते. दिशा अंशाच्या साठाव्या भागाने चुकली तर किलोमीटरमागे २९ सेंमीची चूक. म्हणून सर वर्गात उत्तर दिशा कधी होकायंत्राने काढू देत नसत. आपल्याकडे चुंबकीय ढळ (सुईची उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक) एका अंशाहूनही कमी, तरी खिडकीचे गज, टेबलाचे पाय, स्लॅबमधलं लोखंड सुई ओढतं. उत्तर काढायची ती काठी आणि सावलीने. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर कोयना धरणाला चिरा नेमक्या कुठे पडल्या, हे ते फळ्यावर धरणाचा छेद काढून दाखवत: उताराकडच्या बाजूचा कल जिथे एकदम बदलतो, त्या पातळीला. आकार एकदम बदलला की ताण तिथे गोळा होतो, मग ते धरण असो की मोजपट्टीला पडलेली खाच. १९९९ मध्ये कोयना प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्याचं लेक टॅपिंग झालं, तेव्हा तलाव रिकामा न करता खालून बोगदा कसा जोडतात हे त्यांनी बादली आणि रबरी नळी घेऊन समजावलं होतं.

त्यामुळे फलकाचा अर्धा भाग मला दुरुस्तीच्या कोष्टकासाठी हवाय. त्याशिवाय घड्याळ खोटं ठरतं, आणि पहिल्याच आठवड्यात कोणीतरी म्हणेल की बंद पडलं. गुहागर ७३.२ पूर्व रेखांशाला, आपली भारतीय प्रमाणवेळ ८२.५ ची. फरक ९.३ अंश, म्हणजे ३७ मिनिटं. ही दुरुस्ती कायमची, ती पट्टीवरच कोरू: पट्टीच्या सर्वांत खालच्या बिंदूला १२:३७, तिथून पश्चिमेला ९.३ सेंमीवर १२, पूर्वेला ५.७ सेंमीवर १. सकाळचे आकडे पश्चिमेच्या टोकाला, हे कोरणाऱ्याला दोनदा सांगा, नेहमी उलटं होतं.

राहिलेली दुरुस्ती तारखेप्रमाणे बदलते. घड्याळाने वाचलेल्या वेळेत ११ फेब्रुवारीला १४ मिनिटं मिळवा, १४ मेला ४ वजा करा, २६ जुलैला साडेसहा मिळवा, ३ नोव्हेंबरला १६ वजा करा. १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर आणि २५ डिसेंबरला शून्य. मधल्या तारखांसाठी आलेख कोरायचा. आकड्यांची पट्टी सरकती करू असं कोणी म्हणेल, तर मिठाने ती एका पावसाळ्यात अडकेल.


प्रेषक: माई
विषय: उत्तर: उत्तर: फलकाचा मजकूर

अर्धा भाग देते. माझ्या मजकुराचे तीन परिच्छेद एका वाक्यावर आणले: ‘या शाळेचे गणित-विज्ञानाचे शिक्षक, त्यापूर्वी कोयना प्रकल्पाचे अभियंता.’ वर सरांचं नाव, खाली ‘माजी विद्यार्थी’. देणगीदारांची यादी टाकणार नाही, कोणी आग्रह धरू नये.


प्रेषक: चिटणीस
विषय: मे की डिसेंबर

मे महिन्यात जाणारे सातजण झाले, डिसेंबरात दोनच. आंब्याच्या दिवसांत सगळे असतात, बसवणं मेमध्येच ठेवू. आधीच्या मेलमध्येही मे म्हटलं होतं.


प्रेषक: ताई, हॅरो
विषय: उत्तर: मे की डिसेंबर

मेमध्ये अनावरण करा हवं तर, पण दिशा बसवायचं काम मेमध्ये होणार नाही. ९-१० मेला गुहागरला शून्य सावली असते, सूर्य भर डोक्यावर. त्याच्या आसपास माध्यान्हाची सावली इतकी आखूड की तिची दिशा लावता येत नाही. १० मेनंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत तर ती दक्षिणेला पडते. शिवाय मेमध्ये शाळेला सुट्टी. ज्यांच्यासाठी करतोय ती मुलंच नसतील.

डिसेंबरात सूर्य माध्यान्हाला ४९ अंशांवर असतो, सावली लांब आणि स्वच्छ, आकाश निरभ्र. हे काम नववीच्या मुलांनी करावं, आपण नुसतं उभं राहावं. चौथऱ्याचा माथा पाणसळीने सपाट करून घ्या. मध्ये ३० सेंमीची सरळ काठी, ओळंब्याने उभी. तिच्याभोवती ४० सेंमी त्रिज्येचं वर्तुळ. सकाळी सव्वादहाच्या सुमारास सावलीचं टोक वर्तुळाच्या आत शिरेल, तिथे खूण. दुपारी तीनच्या जरा आधी बाहेर पडेल, तिथे दुसरी. दोन खुणा जोडणाऱ्या रेषेचा मध्य आणि काठीचं बूड, ही उत्तर-दक्षिण रेषा. पडताळा म्हणून ओळंब्याच्या दोरीची सावली माध्यान्हाला बघायची: २० डिसेंबरला १२:३५, २५ ला १२:३७, ३१ ला १२:४०. त्या दिवसांत एका मिनिटाची चूक म्हणजे दिशेत साधारण अंशाचा तिसरा भाग, म्हणून मोबाइलची वेळ वापरा, भिंतीवरच्या घड्याळाची नको. दोन्ही रेषा जुळल्या नाहीत तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. जुळल्याशिवाय बोल्टभोवती ग्राउट (पातळ सिमेंट) भरायचं नाही.

सळीचा चढ कोनमापकाने मोजत बसू नका. ७० सेंमी लांबीत उत्तरेचं टोक दक्षिणेपेक्षा २१ सेंमी वर, हे पाण्याच्या नळीने मोजा. रात्री सळीच्या रेषेत डोळा लावला की ध्रुवतारा अर्ध्या-पाऊण अंशाच्या आत दिसला पाहिजे, तेवढा तो खऱ्या ध्रुवापासून बाजूला असतोच.


प्रेषक: भाऊ, गुहागर
विषय: उत्तर: उत्तर: मे की डिसेंबर

जागा बघून आलो. मैदानाच्या पूर्वेला माड आहेत, कठड्याजवळ बसवलं तर नऊपर्यंत सावलीतच. ध्वजस्तंभाच्या पश्चिमेला जागा मोकळी आहे, पण स्तंभाची सकाळची सावली पट्टीवर यायला नको, म्हणून दक्षिणेकडे सरकवू. मुख्याध्यापक डिसेंबरला तयार आहेत. एफसीआरए नोंदणी शाळेकडे नाही, तेव्हा खजिनदार म्हणतात तोच मार्ग.


प्रेषक: नाना
विषय: तबकडी इथेच

तबकडी परत करत नाही. ती लंडनसाठी बरोबर आहे, तर लंडनमध्येच लावू. माझ्या मागच्या अंगणात दक्षिणेला आडोसा नाही. ठरलेल्या दिवशी दोन्हीकडे माध्यान्हाची वेळ टिपायची, शाळेत मुलांनी, इथे आपल्या मराठी वर्गाच्या मुलांनी. फरक ४ तास ५३ मिनिटांच्या जवळ यायला हवा. त्याला ४ मिनिटांनी भागलं की दोन गावांमधले ७३ अंश मुलांच्या हाती. डिसेंबरात इथे ढग असतात, तेव्हा फेब्रुवारी-मार्चमधले तीन-चार दिवस राखून ठेवा.


प्रेषक: अण्णा, क्रॉयडन
विषय: उत्तर: तबकडी इथेच

नाना, उत्तम. दोन्हीकडे वेळ एकाच घड्याळाची टिपा, ग्रिनिच वेळ. मार्चच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासाने पुढे जातात, त्याआधी उरका.


प्रेषक: चिटणीस
विषय: ठरलं ते

डिसेंबर. पट्टी आणि सळी भाऊ करून घेतील, कोष्टक आणि आलेख ताई, फलक माई. गावातली वर्गणी भाऊंकडे. इथल्या भारतीय पासपोर्टवाल्यांनी खजिनदारांना वैयक्तिक मेल करावी, लिस्टवर रकमा लिहू नयेत.


प्रेषक: ताई, हॅरो
विषय: उत्तर: ठरलं ते

भाऊ, रोलिंगला माप देताना ‘आतली त्रिज्या ५७३ मिमी’ असं शब्दांत लिहा. त्यांनी ती बाहेरची धरली तर ५ मिमी जाडीमुळे पट्टीच्या टोकाशी तीन मिनिटांची चूक येईल. रोल केलेली पट्टी थोडी उलगडते, म्हणून ताब्यात घेण्याआधी प्लायवूडचा त्या त्रिज्येचा साचा आतून लावून बघा. फट २ मिमीपेक्षा जास्त असेल तर परत रोल करायला लावा, आकडे त्यानंतरच कोरायचे.